बांधावरचा शेजारधर्म : गोव्याची गावकरी आणि धर्मसहिष्णुता

इ.स. १५८० च्या आरंभी रुदोल्फो आक्वाविवा हा तरुण जेझुइट पाद्री गोव्याहून फत्तेपूर सिक्रीला अकबर बादशहाच्या दरबारी दाखल झाला. तेथील इबादतखान्यात निरनिराळ्या धर्मांचे पंडित बादशहाच्या समक्ष वाद घालीत. मते मुळीच जुळत नसत, तरी कोणी कोणाचे डोके फोडीत नसे. तीन वर्षे या वादसभेत भाग घेऊन आक्वाविवा १५८३ मध्ये गोव्याला परतला, आणि त्याच वर्षी १५ जुलै रोजी साष्टीतील कुंकळ्ळी गावात आपल्या चार जेझुइट सोबत्यांसह मारला गेला.

परधर्मीय बादशहाच्या दरबारात जो सुखरूप राहिला त्याला गोव्याच्या एका खेड्यात मृत्यू यावा, या योगायोगात इतिहासाच्या अभ्यासकाला पुष्कळ विचार करण्याजोगे आहे. धर्मसहिष्णुता म्हटली की आपल्यासमोर उदार राजे, थोर संत आणि तत्त्वज्ञांचे ग्रंथ येतात. त्यांचे मोल मोठे आहे. परंतु सामान्य माणसाने परधर्मीय शेजाऱ्यासोबत पिढ्यानपिढ्या कसे राहावे हा प्रश्न बहुधा दरबारात सुटत नाही. तो शेतात, विहिरीवर, जत्रेत आणि गावाच्या बैठकीत सुटतो किंवा तेथेच बिघडतो. गोव्याच्या जुन्या काबिजादींचा, म्हणजे तिसवाडी, बारदेश आणि साष्टी या तीन महालांचा इतिहास याची साक्ष देतो. या भूमीवर धार्मिक जुलूम झाला, तो दीर्घकाळ झाला आणि कायद्याच्या आधाराने झाला. असे असूनही येथील हिंदू आणि ख्रिस्ती यांच्यातील शेजारधर्म पुरता तुटला नाही. तो कशामुळे टिकला, हे पाहू गेल्यास गावकरी या प्राचीन संस्थेपाशी यावे लागते.

गावकरीची घडण

गावकरी ही पोर्तुगीजांच्या आगमनापूर्वीपासून चालत आलेली ग्रामसंस्था होय. पोर्तुगीजांनी तिला पुढे कोमुनिदाद हे नाव दिले. गावची जमीन कोणा एकाच्या मालकीची नसून मूळ वसाहत करणाऱ्या घराण्यांच्या समुदायाची, हे तिचे मूलतत्त्व होते. या घराण्यांचे गट म्हणजे वांगड. प्रत्येक वांगडाला गावाच्या बैठकीत स्थान असे आणि महत्त्वाचे निर्णय सर्व वांगडांच्या संमतीने होत. भातशेतीची पावणी, म्हणजे जाहीर लिलाव करून ती ठराविक मुदतीने कसावयास दिली जाई. त्या उत्पन्नातून राजाचा कर, देवस्थानाचा खर्च, बांधबंदिस्ती आणि गावच्या सेवेकऱ्यांचे मानधन वजा जाता जे उरे ते गावकऱ्यांत झोण म्हणून वाटले जाई. देवळाचा पुजारी, सुतार, लोहार, न्हावी आदींसाठी स्वतंत्र जमिनी राखून ठेवलेल्या असत.

१५१० मध्ये आफोन्सु द आल्बुकेर्क याने तिसवाडी बेट जिंकले तेव्हा ही व्यवस्था पूर्णपणे कार्यरत होती. नव्या राज्यकर्त्यांना महसूल हवा होता आणि तो वसूल करण्याची तयार यंत्रणा समोर दिसत होती. म्हणून १५२६ मध्ये आफोन्सु मेशिया याने गावकऱ्यांचे परंपरागत रीतिरिवाज लिहवून घेऊन त्यांना राजमान्यता दिली. हाच तो प्रसिद्ध 'फोराल'. राज्यकर्ता बदलला तरी गावचा कारभार जुन्याच चाकोरीतून चालावा, असा त्याचा व्यावहारिक आशय होता. थोर संशोधक दामोदर धर्मानंद कोसंबी हे गोव्याचेच सुपुत्र. १९४७ मध्ये जुन्या काबिजादींतील ग्रामसंस्थांवर लिहिलेल्या निबंधात त्यांनी या व्यवस्थेची चिकित्सा केली आहे. पुढे तो निबंध त्यांच्या १९६२ च्या 'मिथ अँड रिअॅलिटी' या ग्रंथात समाविष्ट झाला.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा असा की, या संस्थेचे सभासदत्व जन्माने आणि वांगडाने ठरत असे, धर्माने नव्हे. सोळाव्या शतकात तिच्या दारात धर्माचा प्रश्न आला तेव्हा या रचनेला मोठे तडे गेले, तथापि ती कोसळली नाही.

उधाणाला धर्म नसतो

गावकरी समजून घ्यावयाची तर गोव्याची खाजन शेती समजून घेतली पाहिजे. मांडवी, जुवारी, शापोरा, साळ या नद्यांच्या मुखाकडे भरतीचे खारे पाणी कित्येक कोस आत शिरते. पूर्वजांनी या खाऱ्या दलदलीला चिखल, जांभा दगड, गवत आणि बांबू यांचे बांध घालून भातशेती निर्माण केली. गोव्यातील अशा जमिनीचे क्षेत्र सुमारे अठरा हजार हेक्टर सांगितले जाते. ही शेते भरतीच्या पातळीपेक्षा खाली असतात. बांधाला ठिकठिकाणी 'मानस' असते. मानस म्हणजे लाकडी दारांची मोरी. भरती आली की पाण्याच्या दाबाने दारे आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतले जादा पाणी त्याच दारांतून बाहेर पडते. मानशीवर जाळे लावून मासळी धरण्याचा हक्कही लिलावाने दिला जाई आणि त्याचे उत्पन्न गावाच्या खात्यात जमा होई. कोरगूट, आसगो यांसारखी खारे पाणी काही अंशी सोसणारी भाताची वाणे या शेतांसाठीच जोपासली गेली.

या शेतीचा एक कठोर नियम आहे. बांधाला एका ठिकाणी भगदाड पडले तर खारे पाणी एकाच शेतात थांबत नाही. ते साऱ्या खाजनात पसरते आणि पुढे पावसाने मीठ धुऊन निघेपर्यंत कोणालाच पीक मिळत नाही. ज्याच्या शेताजवळ बांध खचला त्याचेच नुकसान, असा हिशेब येथे चालतच नाही. त्यामुळे उधाणाच्या रात्री हाक आली की सर्वांना धावावे लागे. देखरेखीसाठी माणसे नेमावी लागत, दुरुस्तीचा खर्च सर्वांत वाटून घ्यावा लागे, कसूर करणाऱ्यास दंड करावा लागे. शेजारी देवळात जातो की इगर्जीत, हे पाहण्याची सवड समुद्र देत नसे.

धर्मांतरानंतर एकाच गावात, क्वचित एकाच घराण्यात, हिंदू आणि ख्रिस्ती असे दोन भाग पडले. खाजन मात्र एकच राहिले. पाद्र्याचे प्रवचन आणि भटजींची पोथी परस्परविरुद्ध गोष्टी सांगत असल्या तरी बांधाची वही एकच होती.

देवांचे स्थलांतर

या शेजारधर्माचे गुणगान करताना जे घडले ते झाकता कामा नये. १५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडली गेली. १५४१ मध्ये तेथील देवस्थानांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चच्या कार्यासाठी वळविण्यात आले. १५४३ मध्ये बारदेश आणि साष्टी पोर्तुगीजांकडे आल्यावर पुढील दोन तपांत तेथील देवळांवरही तीच पाळी आली. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मसमीक्षण सभा स्थापन झाली. मधला अल्प खंड सोडता ती १८१२ पर्यंत चालू होती. अ. का. प्रियोळकर यांनी या सभेच्या इतिहासाचा कागदोपत्री घेतलेला मागोवा अभ्यासकांना परिचित आहे.

याच काळात देवांची स्थलांतरे झाली. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ बांदिवड्यास, तर मडगावचा दामोदर जांबावलीस गेला. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वर नदीपलीकडे नार्वे येथे स्थिरावला. त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये शिवछत्रपतींनी केला. यांतील बहुतेक दैवतांना आश्रय मिळाला तो फोंडे म्हणजे अंत्रुज महालात, आणि तो महाल त्या वेळी विजापूरच्या आदिलशाहीच्या अमलाखाली होता. फोंड्याची साफा मशीद १५६० ची. तीच आदिलशाही राजवट आपल्या हद्दीत या परागंदा देवांना आसरा देत होती. एका धर्माच्या राज्यात पाडलेल्या देवळांतील देव दुसऱ्या धर्माच्या राज्यात सुखरूप राहिले, ही गोष्ट इतिहासाच्या सरधोपट मांडणीत सहसा बसत नाही.

देव गेले, पण भक्तांतील सर्वच गेले नाहीत. अनेक घराणी मागे राहिली, ख्रिस्ती झाली, आणि जुने संबंध मनोमन जपत राहिली. याचा पुरावा खुद्द धर्मसमीक्षण सभेनेच मागे ठेवला आहे. १७३६ मध्ये या सभेने एक जाहीरनामा काढून नवख्रिस्ती लोकांना अनेक रूढी मना केल्या. लग्नात ओव्या गाणे, घराशी तुळस लावणे, मीठ न घालता भात शिजवणे अशा बारीकसारीक गोष्टींचीही त्यात नोंद होती. सभा स्थापन होऊन तोवर पावणेदोनशे वर्षे लोटली होती. जे बंद पडले त्यावर पुन्हा बंदी घालावी लागत नाही. म्हणजे एवढ्या भयानंतरही घराघरांत ओवी गाइली जात होती आणि तुळशीला पाणी घातले जात होते.

कुंकळ्ळीचे बारा वांगड

आता कुंकळ्ळीकडे वळू. साष्टीच्या दक्षिण टोकाकडील हे संपन्न आणि बाणेदार गाव. देवळांच्या विध्वंसामुळे तेथील गावकरी आधीच क्षुब्ध होते, त्यांनी राज्यकर्त्यांना कर देण्याचे नाकारले होते. अशा वेळी १५८३ च्या जुलैत आक्वाविवा आणि त्याचे सोबती चर्चसाठी जागा निश्चित करावयास आले. गावकऱ्यांनी त्यांच्यावर हल्ला केला. पाच जेझुइट आणि त्यांच्यासोबतची काही माणसे प्राणास मुकली. काही काळानंतर सूड उगविण्यात आला. बोलणी करण्याच्या मिषाने गावच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून त्यांची कत्तल करण्यात आली. त्यांतील एकजण नदीत उडी टाकून निसटला, असे परंपरा सांगते. कुंकळ्ळी, वेरोडे, असोळणे, वेळ्ळी, आंबेली या गावांच्या जमिनी गावकऱ्यांच्या हातून काढून घेण्यात आल्या. ग्रामदेवता शांतादुर्गा फातर्पे येथे नेण्यात आली.

मारले गेलेले पाद्री चर्चच्या दृष्टीने हुतात्मे ठरले आणि १८९३ मध्ये त्यांना धन्यपद मिळाले. मारले गेलेले गावकरी गावाच्या दृष्टीने हुतात्मे होते. त्यांचे स्मारक उभारले जाण्यास मात्र एकविसावे शतक उजाडावे लागले. एकाच घटनेच्या अशा दोन स्मृती, आणि दोन्ही रक्ताने माखलेल्या! या गावात हिंदू आणि ख्रिस्ती यांचे कायमचे वैर जडावे अशी सारी सामग्री सिद्ध होती.

झाले ते वेगळेच. दरवर्षी फाल्गुन महिन्यात फातर्प्याची शांतादुर्गा पालखीतून आपल्या मूळ गावी कुंकळ्ळीस येते. सोबत बारा वांगडांच्या बारा छत्र्या असतात. या उत्सवाला लोक 'सांत्र्यो' म्हणतात. लाल गुलालाने रस्ते माखून जातात. या वांगडांत हिंदू आहेत तसे ख्रिस्तीही आहेत. देवीचे स्वागत करणाऱ्या गर्दीत ख्रिस्ती घराण्यांतील माणसे असतात, कारण ती देवी त्यांच्याही वांगडाची आहे. त्यांचा धर्म बदलला, पण गावकीतील स्थान बदलले नाही. कुंकळ्ळीकरांची जमीन गेली आणि देऊळही गेले, तथापि वांगड राहिले. त्या वांगडांच्या चौकटीतच दोन परस्परविरोधी स्मृती चार शतके एकत्र नांदल्या. कोणाची स्मृती खरी याचा निवाडा गावाने केला नाही, छत्री मात्र एकत्र धरली.

ओवीचा आधार

कुंकळ्ळीची घटना घडली तेव्हा साष्टीतच थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज जेझुइट काम करीत होता. १५७९ मध्ये गोव्यात उतरलेला हा पाद्री पुढे चाळीस वर्षे, १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत येथेच राहिला. १६१६ मध्ये राशोल येथे त्याचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले. जवळपास अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मराठीत आहे, मात्र देवनागरीचे टंक उपलब्ध नसल्याने तो रोमी लिपीत छापावा लागला. शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये तो देवनागरीत संपादून प्रसिद्ध केल्यावर मराठी वाचकांस त्याची खरी ओळख झाली.

स्टीफन्सचा हेतू धर्मप्रसाराचा होता, यात शंका नाही. त्याला सर्वधर्मसमभावाचा पुरस्कर्ता ठरविणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु नव्या धर्माची कथा सांगताना त्याला जुनीच ओवी घ्यावी लागली, पुराणाचाच घाट स्वीकारावा लागला, हे लक्षणीय आहे. धर्मांतरित माणसाच्या कानाला जी लय ठाऊक होती ती सोडून त्याच्या अंतःकरणापर्यंत पोहोचणे शक्य नव्हते. परिणामी इगर्जीत म्हटली जाणारी ओवी आणि पलीकडच्या गावी देवळात म्हटली जाणारी ओवी एकाच छंदाची झाली. १६८४ च्या फर्मानाने देशी भाषा दडपण्याचा प्रयत्न झाला, तरी घरातील आणि शेतातील बोली राज्यकर्त्यांना पुसता आली नाही. भाषा हेही एक सामाईक खाजनच आहे, त्याच्या बांधाला कोणा एका धर्माची मालकी सांगता येत नाही.

नवें, जागर आणि सायबीण

सामाईक श्रमातून सामाईक सण निर्माण होतात. भाताची पहिली लोंबी तयार झाली की ऑगस्ट महिन्यात गोव्यातील अनेक ख्रिस्ती गावांत 'कणसांचे फेस्त' होते. गावकरी वाजतगाजत शेतात जातात, पाद्री नव्या पिकाला आशीर्वाद देतो आणि कणसे वेदीवर वाहिली जातात. ताळगावचे २१ ऑगस्टचे फेस्त त्यांत विशेष प्रसिद्ध आहे. याच सुमारास हिंदूंच्या घरी नव्याचा विधी होतो, नवी कणसे देवापुढे ठेवून दाराला बांधली जातात. दोन्हीकडे त्याचे नाव 'नवें' हेच. एकाच मळ्यातले कणीस एकीकडे वेदीवर जाते, दुसरीकडे देव्हाऱ्यात. कृतज्ञता त्याच मातीविषयी असते.

बारदेशातील शिवोलीचा जागर हे याचे आणखी ठसठशीत उदाहरण. नाताळानंतरच्या पहिल्या सोमवारी रात्री हा उत्सव होतो. 'जागोऱ्यो' म्हणजे जागणारा, गावाची आणि बांधाची राखण करणारा देव. त्याच्या स्थानापाशी हिंदू तेल वाहतात, ख्रिस्ती मेणबत्ती लावतात. रात्रभर चालणाऱ्या नाट्यात दोन्ही समाजांतील माणसे सोंगे घेतात. उत्सवाचे नाव आणि देवाचे काम पाहता, उधाणाच्या रात्री बांधावर जागणाऱ्या गावानेच हा राखणदार आपल्या प्रतिमेत घडविला असावा, असे अनुमान काढण्यास जागा आहे.

म्हापशाच्या सां जेरोनिमु चर्चमधील मिलाग्रिस सायबीण आणि शिरगावची लईराई देवी या दोघी बहिणी, अशी लोकांची दृढ श्रद्धा आहे. लईराईच्या सात भावंडांची कथा बारदेश-डिचोली भागात सर्वतोमुखी आहे, आणि त्या भावंडांत मिलाग्रिस एक गणली जाते. एकीच्या उत्सवाला दुसरीकडून तेल जावे आणि उलट बाजूने फुले यावीत, अशी परंपरा सांगितली जाते. ईस्टरनंतरच्या तिसऱ्या आठवड्यातील सोमवारी म्हापशाला फेस्त भरते तेव्हा तेलाचे भांडे घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्यांत हिंदूंची संख्या मोठी असते. धर्मशास्त्राला हे नाते मान्य होणे कठीण आहे. परंतु दोन धर्मांतील संबंध कसा असावा, याचे उत्तर लोकांनी आपल्या परिचयाच्या शब्दांत शोधले. त्यांनी त्याला करार म्हटले नाही, बहिणींचे नाते म्हटले. बहिणी दोन घरी नांदतात, दोन कुळांचे आचार पाळतात, आणि तरीही सणाला एकमेकींची आठवण ठेवतात.

चित्राची दुसरी बाजू

गावकरीचे हे चित्र एवढ्यावर सोडले तर ते अपुरे ठरेल. या संस्थेत स्त्रियांना मत नव्हते. झोण मिळे तो वांगडांतील पुरुषांना. बांधावर प्रत्यक्ष चिखल वाहणारे गावडे, कुणबी आणि इतर कष्टकरी यांतील बहुसंख्यांना बैठकीत स्थान नव्हते. पावणीत चढाओढीने खंड वाढे आणि त्याचा भार शेवटी कसणाऱ्यावर पडे. धर्मांतर झाले तरी जात गेली नाही, ख्रिस्ती समाजातही बामण, चारदो, सुदीर हे भेद राहिले. फेस्ताचा मान कोणाचा यावरून तंटे झाले, तेही बहुतांशी धर्माधर्मांतील नसून वांगडावांगडांतील आणि जातीजातींतील होते. सहिष्णुता आणि समता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली असली की दुसरी आपोआप येते असे नाही, हा धडाही गोव्याची गावकरीच देते.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६२ मध्ये पंचायती निवडून आल्या आणि गावचा कारभार धर्म, जात वा लिंग न पाहता सर्व प्रौढांच्या मताने चालू लागला. १९६४ चा कूळ कायदा आणि त्यातील पुढील दुरुस्त्या, तसेच १९७५ चा मुंडकार कायदा यांनी कसणाऱ्यास आणि दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यास संरक्षण दिले. न्यायाच्या दृष्टीने ही पावले आवश्यक होती, त्याविषयी खंत करण्याचे कारण नाही. कोमुनिदादी कायद्याने शिल्लक आहेत, दोनशेहून अधिक आहेत, परंतु गावच्या रोजच्या जीवनातील त्यांचे केंद्रस्थान गेले. बांधांची जबाबदारी कूळ संघटनांकडे आली. पुढे शेती परवडेनाशी झाली, तरुण नोकरीसाठी शहरांत आणि परदेशी गेले, अनेक मानशी मत्स्यपालनाच्या मोहाने अवेळी उघडल्या गेल्या आणि कित्येक खाजने खारी झाली.

बांध खचतो तेव्हा

बांध खचला की केवळ भात जात नाही. हिंदू आणि ख्रिस्ती ज्या एका कामासाठी अपरिहार्यपणे भेटत ते कामही जाते. सण राहतात, किंबहुना पूर्वीपेक्षा गाजतात. वर्तमानपत्रे त्यांची छायाचित्रे छापतात आणि पर्यटक ती पाहावयास येतात. परंतु ज्या श्रमातून सण जन्मले तो श्रम आटल्यावर सणांना सहिष्णुतेचे ओझे एकट्याने पेलणे अवघड जाते. ही भीती केवळ काल्पनिक नाही. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाच्या वेळी आणि पुढे १९८५ ते १९८७ च्या भाषावादात जुने शेजारी परस्परांविरुद्ध उभे राहिलेले गोव्याने पाहिले. मार्च २००६ मध्ये सावर्डे-कुडचडे भागात मुसलमानांची दुकाने आणि मालमत्ता यांवर हल्ले झाले, तेव्हा 'गोवा स्वभावतःच सहिष्णू आहे' या लाडक्या समजुतीला जबर धक्का बसला. सहिष्णुता हा मातीचा गुण नसून माणसांनी राखलेला बांध आहे. त्याची डागडुजी प्रत्येक पिढीला करावी लागते, आणि जे नव्याने गावात आले आहेत त्यांनाही त्या कामात स्थान द्यावे लागते. जुन्या गावकरीत नवागताला दार नव्हते. आजच्या गावाला ते ठेवून चालणार नाही.

मग बांधाच्या जागी काय यावे? या प्रश्नाचे उत्तर गोव्याच्याच विसाव्या शतकातील इतिहासात अंशतः सापडते. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक स्थापन झाले आणि जुन्या काबिजादींतील हिंदूंना शतकांनंतर नागरिक म्हणून बरोबरीचे स्थान मिळाले. त्या पहाटेच्या आगेमागे गोव्यात शाळा, वाचनालये आणि सार्वजनिक संस्था निघू लागल्या. पणजीच्या मुष्टिफंड संस्थेची स्थापना १९०८ ची, मडगावच्या गोमंत विद्या निकेतनाची १९११ ची. मुष्टिफंड हे नावच बोलके आहे. घराघरांतून मूठमूठ तांदूळ गोळा करून शाळा चालवावयाची, ही रीत गावकरीच्या सामाईक खर्चाचीच नवी आवृत्ती होती. फरक इतकाच की येथे सभासद होण्यासाठी वांगड लागत नव्हता.

ग्रंथालय ही याच वंशातील संस्था. तिची वर्गणी सर्वांना सारखी, नियम सर्वांना सारखे, आणि उशिरा परत केलेल्या पुस्तकाचा दंडही सर्वांना सारखा. वृत्तपत्राच्या मेजावर जो आधी येईल त्याने आधी वाचावे आणि वाचून झाल्यावर शेजाऱ्याकडे सरकवावे, एवढा साधा शिष्टाचार तेथे पाळला जातो. कपाटात ज्ञानेश्वरीच्या शेजारी क्रिस्तपुराण उभे असते, कोणी ते हलवीत नाही. ज्यांची मते आपणांस पटत नाहीत त्यांच्या शेजारी बसून वाचण्याची सवय लहान वाटते, पण ती अंगी लागावयास वर्षे लागतात.

शंभर वर्षे टिकलेल्या ग्रंथालयाने किती ग्रंथ जमविले हे वार्षिक अहवालात नोंदलेले असते. त्याने किती शेजार राखले, याची नोंद कोठेच होत नाही. जुन्या गावकरीच्या वह्यांतही झोण, पावणी आणि बांधाचा खर्च एवढेच लिहिलेले आढळते, सहिष्णुता हा शब्द त्यांत सापडावयाचा नाही. परंतु बांधाच्या खर्चाच्या त्या रुक्ष नोंदीच गावाच्या सलोख्याचा खरा दस्तऐवज आहेत. उद्याच्या इतिहासकाराला आजच्या वाचनालयाच्या देवघेव रजिस्टरांतून तसलाच दस्तऐवज मिळावा, इतके काम आजच्या सभासदांच्या हाती निश्चितच आहे.